पुंगळी, वेग आणि नोंदवही

'पुंगळी' हा शब्द आपल्याला बहुधा बातमीत भेटतो. घटनास्थळावरून पोलिसांनी अमुक इतक्या रिकाम्या पुंगळ्या जप्त केल्या, अशा वाक्यात. म्हणजे मराठीत पुंगळी हा पुरावा आहे, काम संपल्यावर मागे उरलेली वस्तू. अमेरिकेच्या ग्रामीण भागात मात्र दीडशे वर्षांपासून रिकामी पुंगळी म्हणजे अर्धं तयार काडतूस. तिथला शिकारी ती उचलून खिशात टाकतो, घरी नेऊन साफ करतो, साच्यातून काढून मूळ मापावर आणतो, नवी टोपी बसवतो, दारू मोजून भरतो आणि वर गोळी बसवतो. ही विद्या तिथे 'हँडलोडिंग' म्हणून ओळखली जाते. तिच्यावर जाडजूड ग्रंथ आहेत, मासिकं आहेत आणि भांडणं तर विचारूच नका.

मी स्वतः कधी बंदूक चालवलेली नाही. माझं औपचारिक शिक्षण बारावीपाशी थांबलं आणि त्यानंतरची तीस वर्षं लेथवर पितळ आणि तांब्याचे सुटे भाग कातण्यात गेली. या विषयाकडे मी आलो तो पितळेच्या वाटेनं. रद्दीच्या दुकानात मिळालेलं एक जुनं अमेरिकन पुस्तक मी धातूकामाचं म्हणून आणलं, आणि ते निघालं काडतुसाचं. पुढे वाचत गेलो तेव्हा बंदुकीपेक्षा ती माणसं मला जास्त जवळची वाटू लागली. कारण .२२ व्यासाच्या अतिवेगवान शिकारी रायफलीचा इतिहास मोठ्या प्रमाणात हौशी माणसांनी, घरच्या टेबलावर, स्वतःच्या खर्चानं घडवला. कारखाने बहुतेक वेळा त्यांच्या मागून आले. शाळेबाहेर तयार होणारं ज्ञान विश्वासार्ह कसं होतं आणि त्याची नजर कुठे पोहोचत नाही, या प्रश्नाचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरीकडे मिळालं नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा कृती सांगणारा लेख नाही. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. त्यामुळे दारूची वजनं, मिश्रणं, कोष्टकं यांपैकी काही इथे सापडणार नाही.

चार वस्तू

काडतुसात चारच वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी टोपी म्हणजे प्राइमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोडा दाबला की टाचणी टोपीवर आपटते, टोपीतलं स्फोटक द्रव्य पेटतं, त्याची ज्वाला बुडाच्या छिद्रातून दारूपर्यंत जाते, दारू जळून वायू होते आणि वायू गोळीला नळीतून ढकलतो. हे सगळं एका सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकतं.

या व्यवसायाचं वजनाचं माप 'ग्रेन' आहे. ते आपल्याला परकं वाटण्याचं कारण नाही. इंग्रजी अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता आणि मासा १५ ग्रेनांचा. म्हणजे ज्या ४८ ग्रेनांच्या गोळीची गोष्ट पुढे येणार आहे, ती तीन माशांहून किंचित जड, पाव तोळ्याच्या आसपासची. हँडलोडिंग करणारा माणूस दारू तोलताना ग्रेनाच्या दहाव्या भागापर्यंत जातो. सोनाराच्या काट्यालाही गुंजेखाली फार उतरावं लागत नाही, आणि गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन.

टोपीचा एक गमतीदार इतिहास आहे. १८६६च्या सुमारास दोन माणसांनी दोन वेगळ्या टोप्या काढल्या. अमेरिकेचे हायरम बर्डन यांच्या रचनेत टोपी ज्यावर आपटते ती ऐरण पुंगळीच्याच बुडात घडवलेली असते आणि ज्वालेसाठी तिच्या बाजूला लहान छिद्रं असतात. इंग्लंडच्या वुलिच इथल्या शाही प्रयोगशाळेचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत ऐरण टोपीच्या आतच असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असतं. झालं असं, की अमेरिकन माणसाची टोपी युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत. बॉक्सरच्या रचनेत वापरलेली टोपी आतून एक सळई घालून सहज बाहेर ढकलता येते. बर्डनच्या रचनेत मधे ऐरण आडवी येते. अमेरिकेत ही विद्या घरोघरी पोहोचली, त्यामागे मोकळी जमीन आणि सैल कायदे होतेच, पण बुडातल्या त्या एका छिद्राचाही वाटा मोठा होता.

टोपीतलं रसायनही पुंगळीचं आयुष्य ठरवत असे. जुन्या टोप्यांत पाऱ्याचं फल्मिनेट असे. जळल्यावर मोकळा झालेला पारा पितळेत शिरे आणि पुंगळी ठिसूळ होई. सोन्याच्या दागिन्याला पारा लागला तर काय होतं ते सोनाराला विचारावं, तोच प्रकार. दुसऱ्या जातीच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचा जळलेला क्षार हवेतली ओल खेचून नळीला गंज चढवी. १९२७च्या सुमारास रेमिंग्टन कंपनीनं न गंजवणारी टोपी बाजारात आणली आणि नंतर पाराही गेला. त्यानंतरच एक पुंगळी पुन्हापुन्हा वापरणं खऱ्या अर्थानं भरवशाचं झालं.

पितळ काय लक्षात ठेवतं

पुंगळीचं पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. हे प्रमाण असं आहे, की पत्रा न फाटता खोल ओढता येतो. एका जाड चकतीची आधी वाटी होते, मग वाटी टप्प्याटप्प्यानं ओढून नळी होते. प्रत्येक टप्प्यानंतर धातू कडक होतो आणि त्याला भट्टीत ताव देऊन मऊ करावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीत हंडा घडताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे नवीन नाही. ठोकत गेलं की तांबं ताठरतं, ताव दिला की पुन्हा नमतं. धातूच्या आतल्या स्फटिकांची रचना ठोकल्यानं विस्कटते आणि उष्णतेनं पुन्हा जुळते.

तयार पुंगळीत मात्र कडकपणा सगळीकडे सारखा नसतो, नसावाच लागतो. बूड कडक हवं, कारण तिथे टोपी घट्ट धरायची असते आणि सगळा दाब पेलायचा असतो. मान मऊ हवी, कारण तिला दर वेळी फुगून नळीच्या भिंतीला चिकटायचं असतं म्हणजे वायू मागे निसटत नाही, आणि लगेच आकसायचं असतं म्हणजे पुंगळी बाहेर निघते. .२२-२५० या काडतुसाचा अमेरिकेत ठरवलेला कमाल दाब दर चौरस इंचाला ६५,००० पौंड आहे. मोटारीच्या टायरमधला दाब बत्तीसच्या आसपास असतो. दोन हजार टायरांचा दाब, आणि तो पेलायला माणसाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरचं बोटभर पितळ आणि त्यामागचं पोलाद. हँडलोडिंगवरच्या प्रत्येक जुन्या पुस्तकात सावधगिरीचा इतका घोष का असतो, ते या एका आकड्यावरून कळतं.

पुंगळी दर वेळी फुगते, आणि साच्यातून दाबून तिला पुन्हा मापावर आणलं जातं. फुगणं आणि दाबणं म्हणजे ठोकणंच. काही फेऱ्यांनंतर मान ताठरते आणि एक दिवस तिला उभी चीर जाते. म्हणून जाणकार फक्त मानेला ताव देतात. बुडाला उष्णता लागली तर ते मऊ होतं आणि मऊ बूड म्हणजे अपघात. दुसरीकडे, दर फेरीला थोडं पितळ पुढे सरकतं. पुंगळीची लांबी वाढते, आणि वाढलेलं पितळ आलं कुठून, तर बुडाच्या जरा वरच्या भिंतीतून. तिथे भिंत पातळ होत जाते आणि बाहेरून एक चकाकती कडी दिसू लागते. त्या कडीचा अर्थ एकच: ही पुंगळी आता भंगारात.

पितळाच्या या स्वभावाचा एक धडा हिंदुस्थानातच शिकला गेला. एकोणिसाव्या शतकात इथल्या इंग्रजी फौजेच्या काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जाऊ लागले. कोणी वापरली नाहीत, कोणी आपटली नाहीत, आणि तडे बहुधा जिथे पुंगळी गोळीवर आवळलेली असते तिथेच. ऋतूवर अवलंबून म्हणून या रोगाला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडलं. काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात साठवली जात होती. घोड्याच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसे, आणि आवळताना धातूत कोंडलेला ताण त्याच जागी त्याला फाडे. अमोनिया एकटा किंवा ताण एकटा हे करू शकत नाही, दोन्ही एकत्र लागतात. हा उलगडा मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी १९२१मध्ये नीट मांडला. उपाय तांबटाचाच होता: आवळण्याचा ताण निघेल इतका हलका ताव. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासूनचा आहे. काडतुसाचं पितळ आपल्या प्रदेशाला कधीच परकं नव्हतं.

वेग कशासाठी

लहान, हलकी, फार वेगवान गोळी कोणाला आणि का हवी होती? उत्तर गुरुत्वाकर्षणात आहे. नळीतून सुटलेली गोळी सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते, आणि पडण्याचा हिशेब वेगाकडे पाहत नाही, वेळेकडे पाहतो. पाव सेकंदात कोणतीही वस्तू सुमारे ३० सेंटिमीटर खाली येते, एक दशांश सेकंदात जेमतेम ५. गोळी लवकर पोहोचली तर कमी पडते. कमी पडली तर अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाही.

हा विचार शिकारीच्या संदर्भात नेटानं मांडणाऱ्यांत एक नाव आपल्या शेजारच्या जंगलातलं आहे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हे बंगालच्या फौजेतले अधिकारी, मध्य भारतातल्या सातपुड्याच्या रानात वर्षानुवर्षं फिरलेले. 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे त्यांचं पुस्तक आजही वाचलं जातं. त्याआधी १८६०च्या दशकात त्यांनी शिकारी रायफलीवर एक पुस्तक लिहिलं होतं. लढाईच्या रायफलीला लांबचा पल्ला हवा म्हणून लांबट जड गोळी ठीक, पण रानात जनावर अचानक दिसतं, अंतर मोजायला वेळ नसतो, तेव्हा जवळच्या टप्प्यात सपाट जाणारी गोळीच हवी, असा त्यांचा युक्तिवाद. काळ्या दारूच्या जमान्यात त्यासाठी त्यांनी मोठ्या व्यासाची गोल गोळी, भरपूर दारू आणि नळीत अगदी सावकाश पीळ असा उपाय सुचवला.

काळ्या दारूला एक मर्यादा होती. तिच्यातल्या निम्म्याहून अधिक भागाचा वायू होतच नाही, त्याचा धूर आणि काजळी होते. १८८४मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिए यांनी नायट्रोसेल्युलोजपासून, म्हणजे मुळात कापसापासून, बिनधुराची दारू केली आणि ती कोंडी फुटली. तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त वायू मिळू लागला. नव्या दारूचे कण किती जाड, त्यांना मधून छिद्र आहे का, वर लेप कोणता, यावर ती किती हळू जळेल हे ठरवता येऊ लागलं. झोपाळ्याला एकदम हिसका देण्यापेक्षा लांबपर्यंत रेटत नेलं तर तो जास्त वेग घेतो, आणि दोरीही तुटत नाही. वेगवान गोळीला हळू जळणारी दारू लागते ती याच कारणानं. ऐकायला उलटं वाटतं, पण सगळं गणित त्यावरच उभं आहे.

नवी दारू उष्णतेला मात्र हळवी होती. तापलेली दारू जास्त दाब निर्माण करते. इंग्लंडच्या थंडीत नीट चालणारं काडतूस हिंदुस्थानच्या मे महिन्यात अडकून बसे. म्हणून इंग्रज कंपन्या हिंदुस्थान आणि आफ्रिकेसाठी कमी दारूची खास उष्ण प्रदेशाची काडतुसं विकत असत.

हौशी माणसं पुढे, कारखाने मागे

अमेरिकेत वेगाचा पहिला मोठा पुरस्कर्ता व्यवसायानं वकील होता. चार्ल्स न्यूटन यांनी आखलेलं .२२ सॅव्हेज हाय-पॉवर १९१२च्या सुमारास आलं: ७० ग्रेनांची गोळी, सेकंदाला २,८०० फूट. त्यानंतर १९१५मध्ये त्यांचंच .२५०-३०००, ज्याच्या नावातच सेकंदाला ३,००० फुटांची जाहिरात होती. न्यूटन यांच्या स्वतःच्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या. त्यांची पुंगळी मात्र टिकली.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारातल्या काही माणसांनी आणि ग्रॉव्हनर वॉटकिन्स या हौशी प्रयोगकर्त्यानं काळ्या दारूच्या काळातल्या एका जुन्या .२२ पुंगळीत नवी दारू भरून पाहिली. त्यातून .२२ हॉर्नेट आलं. विंचेस्टर कंपनीनं १९३०मध्ये त्याची काडतुसं बाजारात आणली तेव्हा ती चालवणारी एकही रायफल कोणता कारखाना बनवत नव्हता. जुन्या रायफलींच्या नळ्या बदलून लोकांनी आपापल्या रायफली करून घेतल्या होत्या, आणि गिऱ्हाईक तेच होतं.

वॉटकिन्स यांनी पुढे न्यूटनच्या .२५०-३००० पुंगळीची मान आवळून ती .२२ केली. विंचेस्टरला कल्पना पटली, पण पुंगळी त्यांनी वेगळीच निवडली, अमेरिकन नौदलाच्या जुन्या ६ मिलिमीटर काडतुसाची. १९३५मध्ये .२२० स्विफ्ट आलं: ४८ ग्रेनांची गोळी, सेकंदाला ४,११० फूट. मीटरमध्ये सव्वाबाराशेच्या वर, ध्वनीच्या साडेतीन पटींहून जास्त. नळीतला पीळ चौदा इंचांत एक फेरा असेल, तर ही गोळी मिनिटाला दोन लाखांवर गिरक्या घेत बाहेर पडते. घरातल्या मिक्सरचं पातं वीस हजारांच्या आसपास फिरतं.

हौशी लोकांनी न्यूटनची पुंगळी सोडली नाही. १९३७च्या सुमारास गेबी आणि स्मिथ या जोडीनं तिच्यावरचं .२२ काडतूस 'व्हार्मिंटर' नावानं नोंदवलं. बाकीचे त्याला .२२-२५० म्हणत. जवळजवळ तीस वर्षं हे काडतूस कोणत्याही कारखान्यात तयार होत नव्हतं. प्रत्येक फैर घरी भरलेली. १९६३मध्ये ब्राउनिंगनं त्याच्यासाठी रायफल विकायला काढली तेव्हाही दुकानात काडतूस नव्हतं. १९६५मध्ये रेमिंग्टननं ते अधिकृत केलं. आज त्या वर्गातलं ते सर्वात लोकप्रिय काडतुसांपैकी एक आहे.

ही सगळी कामं होत ती साध्या हत्यारांवर. जॉन बार्लो यांच्या 'आयडियल' कंपनीनं १८८४पासून विकलेलं काडतूस भरायचं हत्यार दिसायला आपल्या अडकित्त्यासारखं होतं. दुसऱ्या महायुद्धात तांबं-शिसं लढाईकडे वळलं आणि हौशी माणसांना गोळ्या मिळेनात. तेव्हा एक युक्ती निघाली. साध्या .२२ रिमफायरच्या वापरलेल्या पुंगळ्या नेमबाजीच्या मैदानावर ढिगानं पडलेल्या असत. त्या साच्यात दाबून त्यांचंच गोळीवरचं कवच करायचं, आत शिसं. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टन यांनी असे साचे १९४३पासून विकायला घेतले. आयडाहोचे व्हर्नन स्पीअर आणि नेब्रास्काचे जॉइस हॉर्नडी यांनी याच युक्तीवर धंदे उभे केले. युद्ध संपल्यावर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी सरकारची उरलेली दारू घाऊक विकत घेऊन मालगाडीच्या जुन्या डब्यात साठवली आणि किरकोळीनं विकली. आज या क्षेत्रातल्या बड्या कंपन्या म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, त्यांतल्या अनेकांची मुळं अशी भंगारात आणि शिलकी मालात आहेत.

या मंडळींत थट्टाही होती. पी. ओ. ॲक्ली हे त्या काळचे नामांकित बंदूक-कारागीर. महायुद्धानंतर त्यांनी निरनिराळ्या देशांच्या लष्करी रायफली मुद्दाम फुटेपर्यंत तपासल्या होत्या, आणि ज्या जपानी रायफलीला लोक कचरा समजत ती सर्वांत मजबूत निघाली होती. त्यांनी एका संपादकमित्रासाठी हत्तीच्या शिकारीची प्रचंड पुंगळी आवळून तिच्यात .२२ गोळी बसवली. उद्दिष्ट सेकंदाला ५,००० फूट. काडतुसाला कान फाटतील अशा अर्थाचं खोटं जर्मन धाटणीचं नाव दिलं. वेग ४,६००च्या आसपास अडला. कितीही दारू घाला, इवल्या नळीतून वायूला जायला जागाच नव्हती, जाळ फक्त नळी खात होता. ती थट्टा होती, पण एक मर्यादा तिनं सगळ्यांना डोळ्यांनी दाखवली.

मोजलेलं आणि न मोजलेलं

या माणसांचं ज्ञान विश्वासार्ह कशानं झालं? माझ्या मते नोंदवहीनं. चांगल्या हँडलोडरच्या वहीत प्रत्येक फैरीची पुंगळी कितव्यांदा वापरली, दारू कोणत्या खेपेची, गोळी किती खोल बसवली, त्या दिवशी तापमान किती, हे सगळं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तसंच ठेवायचं. दारूच्या नव्या डब्याशी गाठ पडली की पुन्हा खालून सुरुवात करायची. टेबलावर एका वेळी एकच दारू. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत याहून वेगळं काय शिकवतात? १९३७मध्ये फिल शार्प यांनी या विद्येवर जो जाड ग्रंथ लिहिला, त्याच्यामागे अशा असंख्य वह्या होत्या.

मोजण्याची साधनं मात्र उशिरा आली. गोळीचा वेग प्रथम नीट मोजला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं. टांगलेल्या जड लाकडी लंबकावर गोळी मारायची आणि तो किती झुलला यावरून वेग काढायचा. त्यांचं पुस्तक १७४२चं. पुढे ते ईस्ट इंडिया कंपनीचे अभियंता म्हणून इथे आले आणि १७५१मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारले. सामान्य हौशी माणसाला परवडेल असं वेगमापक यंत्र मात्र अमेरिकेतही १९६०च्या दशकानंतरच मिळालं. त्याआधीचे वेगाचे पुष्कळ दावे हे अंदाज होते. दाब तर घरी मोजताच येत नव्हता. सपाट झालेली टोपी, अडणारा बोल्ट यांवरून तो ओळखायचा, आणि ही लक्षणं दाब मर्यादा ओलांडून गेल्यावर दिसतात.

पण काही गोष्टी मोजल्या गेल्या नाहीत, त्या साधन नव्हतं म्हणून नव्हे. वहीत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता.

पहिली गोष्ट जखमेची. न्यूटनच्या .२२ हाय-पॉवरनं हॅरी कॉल्डवेल या अमेरिकन मिशनऱ्यानं चीनच्या फुजियान प्रांतात वाघ मारले. त्या बातम्यांनी वेग म्हणजेच शक्ती असा समज पसरला. पण हलकी वेगवान गोळी मोठ्या जनावराच्या खांद्यावर वरच्यावर फुटते आणि जनावर जखम घेऊन रानात जातं. कागदावरचं एका नाण्याएवढं भोक वहीत चिकटवता येतं. पळून गेलेलं जनावर चिकटवता येत नाही. पुढे अमेरिकेतल्या काही राज्यांनी हरणासाठी .२२ व्यासाच्या गोळ्यांना बंदी केली, ती याच कारणानं.

इथे एक विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. १८९०च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडम शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाशी कवच नसलेली, शरीरात फुलणारी .३०३ गोळी केली. ती वायव्य सरहद्दीवर वापरली गेली, आणि १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर युद्धात बंदीचा ठराव झाला. शिकारीत नियम नेमका उलटा आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मोठ्या जनावरासाठी फुलणारी गोळीच सक्तीची आहे, कारण पूर्ण कवचाची गोळी आरपार जाते आणि जनावर तडफडत मरतं. सैनिक जखमी होऊन जगावा ही एका ठिकाणची माणुसकी, जनावर जखमी होऊन जगू नये ही दुसऱ्या ठिकाणची. दोन्ही वेळी प्रश्न गोळीच्या टोकाचा आहे, आणि टोकावर निर्णय घेणारा माणूस तिसऱ्याच जागी, टेबलाशी बसलेला आहे.

दुसरी गोष्ट शिशाची. स्विफ्ट किंवा .२२-२५० यांचं खरं काम हरीण नव्हे. शेतात बिळं करणारे वुडचक आणि प्रेअरी डॉग, दोन्ही खारीच्या कुळातले, हे त्यांचं लक्ष्य. त्यासाठी गोळी मुद्दाम नाजूक केली जाते. ती जमिनीला लागताच चुरा होते, उसळून शेजारच्या घराकडे जात नाही. वस्तीच्या प्रदेशात हा मोठाच गुण. पण जनावराच्या आत तिचा चुरा होतो तेव्हा शिशाचे बारीक कण मांसात विखुरतात. लहान प्राणी बहुधा जागीच सोडून दिले जातात आणि त्यांच्यावर गरुड, गिधाडं येतात. गोळी जितकी वेगवान, तितका चुरा बारीक. ज्या गुणासाठी हौशी माणसांनी चार दशकं खपून हे काडतूस घडवलं, तोच गुण इथे विष पसरवण्याच्या कामी आला.

कॅलिफोर्नियाचा काँडोर हा प्रचंड गिधाडवर्गीय पक्षी १९८७मध्ये २७वर आला होता, आणि उरलेले सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवावे लागले. पुन्हा मोकळे सोडलेले पक्षी मरत राहिले, तेव्हा शिसं हे त्यांच्या मृत्यूचं प्रमुख कारण म्हणून पुढे आलं. शिकाऱ्यांनी रानात टाकलेलं आतडं-कोथळं हा त्याचा मार्ग होता. कॅलिफोर्निया राज्यानं २०१३मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९पासून तिथे शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. आपल्याकडची गिधाडं गेली ती वेगळ्या विषानं. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकनं. २००६मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पण साखळी तीच आहे: चांगल्या हेतूनं एकाच्या अंगात घातलेली वस्तू दुसऱ्याच्या पोटात जाते, आणि घालणाऱ्याला ते दिसत नाही.

शिशाऐवजी तांब्याची गोळी हा उपाय हँडलोडरांच्या वर्तुळातून आधीच येऊन बसला होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अखंड तांब्याच्या, टोक फुलणाऱ्या गोळ्या मिळू लागल्या होत्या. तांबं शिशाहून हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळी स्थिर राहायला नळीत जास्त पीळ लागतो. स्विफ्टच्या जुन्या नळ्यांत पीळ सावकाश आहे. म्हणजे गोळी बदलायची तर नळीही बदलावी लागते, दारूचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. काहींनी याला विरोध केला, काही कोर्टकचेरीच्या भाषेत बोलू लागले. आणि काहींनी शांतपणे वहीचं नवं पान उघडलं. मला आदर वाटतो तो या तिसऱ्या जातीच्या माणसांचा.

स्वयंशिक्षित माणसाची ताकद ही की त्याला कोणी विषय नेमून देत नाही, आणि धोकाही तोच. त्याला जे आवडतं तेच तो मोजतो. कागदावरच्या भोकांचं वर्तुळ नाण्याएवढं करण्यात साठ वर्षं गेली, कारण ते वर्तुळ समोर दिसत होतं. काँडोरच्या रक्तातलं शिसं दुसऱ्या कोणी, दुसऱ्या हेतूनं, दुसऱ्या प्रयोगशाळेत मोजलं. तो आकडा टेबलाशी बसलेल्या माणसापर्यंत पोहोचला तेव्हा त्याला तो समजायला अडचण आली नाही. ग्रेनाच्या दहाव्या भागावर विश्वास ठेवणारा माणूस सूक्ष्म प्रमाणातल्या विषावर अविश्वास दाखवू शकत नाही. त्याची सगळी विद्याच थोड्याशा फरकानं फार फरक पडतो या अनुभवावर उभी असते. त्याला फक्त वहीत एक रकाना वाढवायचा असतो: गोळी थांबल्यानंतर पुढे काय झालं.